पर्यावरणपूरक राहणीवरचा शालेय प्रकल्प: नाशिकच्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की इंदिरानगरच्या आमच्या घराची बेल संध्याकाळी वाजायला लागते. दारात सातवी-आठवीतली दोन-तीन मुलं, मागे स्कूटी स्टँडवर लावणारी एखादी आई. "बाई, स्पर्धेला प्रकल्प करायचाय. पर्यावरणपूरक राहणीमान." शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे. तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की एकदाचे लिहून काढले. घाई असेल त्यांनी विषय निवडण्याचा आणि प्रश्नावलीचा असे दोनच प्रश्न वाचले तरी निभेल.

हे नेमकं कोणत्या स्पर्धेसाठी आहे?

नाशिकची मुलं प्रामुख्याने तीन ठिकाणी उतरतात. पहिली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, सहावी आणि नववीसाठी. तिच्यात लेखी आणि प्रात्यक्षिक पार पडलं की कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. दुसरी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. ती १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वयाची मुलं मार्गदर्शक शिक्षकासोबत भाग घेतात. तिसरी इन्स्पायर मानक, तिच्यात कल्पना निवडली गेली तर १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. याशिवाय तालुका-जिल्ह्याची विज्ञान प्रदर्शनं आहेतच. नियम आणि त्या वर्षीचा विषय बदलत असतो, तेव्हा शाळेत आलेलं परिपत्रक आधी स्वतः वाचा. "मैत्रिणीने सांगितलं" यावर विसंबून एका गटाने चार आठवड्यांचं काम भलत्याच उपविषयावर केलेलं मी पाहिलंय.

विषय केवढा मोठा आहे! सुरुवात कुठून करायची?

"पर्यावरणपूरक राहणीमान" हे गाठोडं आहे. ते सोडायचं, आतली एकच वस्तू बाहेर काढायची आणि बाकीचं परत बांधून माळ्यावर टाकायचं.

मुलं पहिल्या दिवशी वहीत लिहून आणतात: "जागतिक तापमानवाढ: कारणे व उपाय." मी विचारते, हे तू कुठे मोजणार? मूल छताकडे बघतं. मग आम्ही गच्चीत जातो, खाली बघतो, आणि जे दिसतं त्यावर प्रश्न विचारतो. घंटागाडी आली, तिच्यात ओलं-सुकं वेगळं टाकणारी घरं किती? टाकी भरून वाहते, ती रोज किती मिनिटं? समोरच्या वहिनी अंगण पाइपने धुतात, त्याला किती बादल्या लागतात? झाडून धुतलं तर किती?

चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात: कोण, कुठे, काय आणि किती दिवस. "आमच्या इमारतीतल्या १२ घरांतून तीन आठवडे रोज किती ओला कचरा निघतो आणि त्यातला किती इमारतीतच जिरू शकतो?" हा प्रश्न झाला. "कचऱ्याची समस्या" हा निबंध झाला.

आणखी एक चाचणी घ्या. घरात असलेल्या किंवा शेजारून उसन्या मिळणाऱ्या वस्तूंनी, आईबाबांनी ऑफिसला दांडी न मारता, तीन आठवड्यांत उत्तर मिळतंय का? नसेल तर प्रश्न अजून लहान करा.

मोजायची साधनं आमच्याकडे नाहीत. मग?

गोदावरीवर, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेवर गेलात की रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक एकच विचारतं, "मारुतीला कुठपर्यंत पाणी?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. फारच मोठा पूर असेल तर म्हातारी माणसं नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागल्याचं सांगतात. हे मोजमापच आहे. पट्टी जागची हलत नाही, खुणा सगळ्यांना ठाऊक, आणि मागच्या पुराशी आजचा पूर ताडून बघता येतो. मोजमापाला याहून जास्त काय लागतं?

तुमच्या घरातला दुतोंड्या मारुती शोधा. १५ लिटरची बादली, लिटरची दुधाची बरणी, भाजीवाल्या मावशींचा जुना ताणकाटा, मोबाइलमधलं घड्याळ. फक्त एकदा ठरवलेली बादली शेवटपर्यंत तीच ठेवायची. मधेच निळी फुटली म्हणून हिरवी घेतली, तर नोंदवहीत तसं लिहायचं आणि हिरवीत किती मावतं ते मोजून घ्यायचं.

ठिबकणाऱ्या नळाखाली वाटी ठेवा. १० मिनिटांत ६० मिलिलिटर जमलं तर दिवसाला ८.६४ लिटर होतात. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, त्यांचे डोळे मोठे होतात ते बघण्यासारखं असतं.

पाण्यावर काही नवीन करता येईल का? सगळेच "पाणी वाचवा" करतात.

सिडकोतली एक मुलगी तीन वर्षांपूर्वी आली होती. तिलाही हेच हवं होतं. मी तिला म्हटलं, घरी जा आणि अर्धा तास स्वयंपाकघरात नुसती उभी राहा. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "बाई, फिल्टरच्या मागची पांढरी नळी सारखी सिंकमध्ये गळत असते."

आरओ फिल्टरची सांडपाण्याची नळी ती. तिने नळी सिंकमधून काढून बादलीत सोडली, चांगल्या पाण्याच्या तोटीखाली लिटरचं भांडं धरलं. एक लिटर शुद्ध पाणी भरेपर्यंत बादलीत अडीच लिटरच्या आसपास जमायचं. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस, बरं का. घरात रोज १२ लिटर शुद्ध पाणी लागायचं, म्हणजे ३० लिटर मोरीत. दोन मोठ्या बादल्या! शेजारच्या सहा घरांत तेच केलं. एका घरी आजी त्या पाण्याने आधीपासूनच फरशी पुसत होत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आली. तिने शाळेतून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर मागून आणला आणि नळाचं पाणीच मोजलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाच्या पाण्याचा आकडा त्याच्या पुष्कळ खाली निघाला. म्हणजे या घराला आरओ लागतो तरी का? राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये हाच मुद्दा धरला होता: जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करावी, असं केंद्र सरकारला सांगितलं होतं. टीडीएसवरून जंतूंचा पत्ता लागत नाही हेही तिने अहवालात लिहिलं, आणि परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. तिच्याकडे उत्तर तयार होतं: जंतूंसाठी उकळणं किंवा अतिनील दिव्याचा फिल्टर पुरतो, त्याला पाणी फेकावं लागत नाही.

बोअरवेल असलेल्या सोसायटीत उत्तर उलटं येऊ शकतं. आलं तर तसंच लिहा.

पाण्यातलाच दुसरा सोपा विषय गच्चीवरचा पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं सूत्र पुरे. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटरची गच्ची असेल आणि ८० टक्के पाणी हाती लागलं, तर ५६,००० लिटर. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर चौघांच्या घराला ते शंभराहून जास्त दिवस पुरेल. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस याच्या कितीतरी पट, पण ते आकडे नाशिकच्या गच्चीला लावू नका. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच.

विजेवर काम करायचं असेल तर?

महावितरणचं बिल काढा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. एका कागदावर तुमची वर्षभराची आकडेवारी, तीही फुकट! मग मीटरजवळ स्टूल ठेवून रोज रात्री नऊला आकडा टिपा.

मुलं धावतात एलईडी दिव्याकडे. ठीक आहे. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, रोज पाच तास जळला, तर महिन्याला ७.६५ युनिट वाचतात. पण आता कुणाच्या घरात साठचा पिवळा बल्ब राहिलाय? त्यापेक्षा वर बघा. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिट एका पंख्यामागे. मुलांना दिवा दिसतो, पंखा दिसत नाही.

भारतातल्या एका युनिट विजेमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. नाशिकच्या मुलाला हा आकडा दाखवायला दूर जावं लागत नाही. नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतातच. २१० मेगावॅटचे तीन संच, मिळून ६३०. मात्र "आमच्या घरची वीज एकलहऱ्यातूनच येते" असं लिहू नका. वीज सगळ्या जाळ्यातून येते, हौदात ओतलेलं पाणी कुठल्या नळाचं ते सांगता येत नाही तसं.

कचऱ्याचं खत करायचा प्रयोग केला, वास सुटला. आता?

माझंही झालंय. नवा उत्साह होता, बाल्कनीत भोकाची बादली ठेवली आणि कलिंगडाच्या साली, आंबलेलं वरण, चहाचा चोथा असं सगळं त्यात लोटलं. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. आधी साखर मागितली, मग हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

ओलं जास्त, सुकं कमी, हवा नाहीच. असं झालं की हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि वास येतो. खत होण्यासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ लागतं. घरात याचं भाषांतर असं: एक वाटी ओला कचरा, तर दोन वाट्या वाळका पाला, नारळाच्या शेंड्या किंवा फाडलेला पुठ्ठा. पाला शोधायला कुठे जायला नको, कॉलेज रोडच्या फुटपाथवरही तो जाळायला गोळा केलेला सापडतो. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार लागू नये. दीड-दोन महिन्यांत काळी माती होते.

यातच प्रकल्प आहे. दोन सारख्या बादल्या घ्या, एकीत फक्त भाजीची देठं-साली, दुसरीत त्यांच्यासोबत पाला. रोज वेळ ठरवून तापमान आणि वजन टिपा. वासाला तीन घरच्यांकडून शून्य ते पाच गुण घ्या, त्यांनी एकमेकांचे गुण बघायचे नाहीत. नाशिकला शोभेल असा तिसरा डबा हवा असेल तर कांद्याच्या सालींचा करा. त्या लवकर कुजतात की उशिरा? उत्तर आधी माहीत नसलेला प्रश्न घेतला की मूल बादलीकडे स्वतःहून धावतं.

आणि सॅनिटरी, औषधांचा कचरा मुलांनी हाताळायचा नाही. वजन बंद पिशवीसकट करायचं. हातमोजे. चर्चा नाही.

प्रश्नावली कशी बनवायची?

"तुम्ही पर्यावरणाची काळजी घेता का?" असं विचारलंत तर सगळी सोसायटी "हो" म्हणेल. मीही म्हणेन.

मत विचारू नका, कालचा दिवस विचारा. "काल भाजी आणायला कोण गेलं होतं? पिशवी घरून नेली होती की तिथे घेतली?" "काल घंटागाडी आली तेव्हा कचरा किती पिशव्यांत होता?" "या आठवड्यात शाळेत कसं गेलात: पायी, सायकल, सिटीलिंक बस, रिक्षा, स्कूटी?" कालची गोष्ट आठवते, खोटं बोलायला लाजही वाटते.

शक्य असेल तिथे विचारूही नका, बघा. मागच्या वर्षी दोन मुलं भाजीबाजारात एका कोपऱ्याला अर्धा तास उभी राहिली. एकाने कापडी पिशव्या मोजल्या, एकाने प्लास्टिकच्या. चार रेघा आणि पाचवी आडवी. बुधवारी आणि रविवारी. रविवारी प्लास्टिक जास्त निघालं. का? मुलांचा अंदाज असा की रविवारी पुरुष येतात आणि ते पिशवी विसरतात. अंदाज बरोबर की चूक हे ठरवायला त्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन स्त्री-पुरुष वेगळे मोजले. याला मी संशोधन म्हणते. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तू बंद आहेत, हे नियमांचं पान त्यांनी नंतर जोडलं. आधी मोजलं, मग नियम. क्रम उलटा झाला की मुलं नियम जे सांगतो तेच बघायला लागतात.

किती घरं? पंचवीस-तीस घरं नीट विचारलेली, दोनशे घरं व्हॉट्सअॅपवर फॉर्म पाठवून उरकलेल्यांपेक्षा बरी. फक्त मैत्रिणींचीच घरं घेऊ नका. कुणाचं नाव अहवालात लिहायचं नाही, "घर क्र. १" पुरे.

आमची आजी म्हणते हे सगळं आम्ही करतच होतो. तिचं काय करायचं?

तिची मुलाखत घ्यायची! पण "तुमच्या वेळी कसं होतं?" एवढ्यावर थांबू नका. आजी "सगळं छान होतं" म्हणेल आणि चहा करायला उठेल.

वस्तू धरून विचारा. जुन्या साड्यांचं काय व्हायचं? गोधडी. गोधडी फाटली की? पायपुसणं. बोहारीण यायची का, किती कपड्यांवर कोणतं भांडं मिळायचं? पंगतीला पत्रावळ कशाची? पळसाची, आणि ती पंगत उठल्यावर कुठे जायची? मग घरातली आजची एक साडी, एक टीशर्ट, एक प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्याचा तसाच प्रवास लिहा. शेजारी शेजारी दोन रकाने. एका मुलाने पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहणाऱ्या पणजीशी बोलून असं केलं होतं. पणजीच्या रकान्यात कपडा पाच टप्पे जगला, मुलाच्या रकान्यात दोन.

तेवढंच भाबडेपण टाळा. आजीच्या चुलीचा धूरही आजीच्याच फुप्फुसात जायचा. तिला विचाराल तर तीच आधी सांगेल.

गोदावरीच्या पाण्यावर प्रकल्प करता येईल का?

येईल, मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि पावसाळा सोडून. काठावरून दोरीला बांधलेल्या बाटलीने पाणी काढायचं, पायरी उतरायची नाही. शेवाळ कुणाला ओळखत नाही.

सोमेश्वरला एक नमुना, तपोवनाच्या खाली एक, मधे गंगाघाटावर एक. शक्यतो एकाच सकाळी. घरी तापमान, पीएच पट्टी आणि गढूळपणा एवढं जमतं. गढूळपणासाठी काचेचा उंच ग्लास घ्या, खाली कागदावर काळी फुली काढा आणि किती सेंटिमीटर पाण्यातून ती दिसते ते मोजा. विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) यांना प्रयोगशाळा लागते, तिथे शाळेचं पत्र घेऊन महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात विचारा. ऑक्सिजनच्या नमुन्यात काठावरच रसायन घालून तो स्थिर करावा लागतो. बाटली दप्तरातून दिवसभर फिरवून संध्याकाळी दिलीत तर आकडा दप्तराचा येईल, नदीचा नाही. आंघोळीच्या पाण्यासाठी ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी जास्तीत जास्त ३ हा निकष लक्षात ठेवा.

नदीपेक्षा तिला मिळणारे नाले जास्त बोलतात. नासर्डी जवळ असेल तर तीच घ्या. पानवेली कुठून सुरू होतात हे महिनाभर दर रविवारी त्याच पुलावरून त्याच जागी उभं राहून फोटो काढून दाखवता येतं. एकाही रसायनाची गरज नाही.

पक्षी आवडणाऱ्यांना निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पण एका सहलीवर प्रकल्प होत नाही. तिथे जाऊन या, प्रकल्प घराजवळचा करा.

झाडांचा विषय घेतला तर वाद होईल का? तपोवनाचं एवढं गाजलं.

२०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या तयारीसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशिककर रस्त्यावर उतरले, मुलांनी ते पाहिलंय, तेव्हा प्रश्न येणारच. घोषणा फलकावर लावू नका, टेप घ्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याचा घेर मोजतात. तुमच्या गल्लीतली पन्नास झाडं मोजा. देशी किती, बाहेरची किती? वड, उंबर, करंज एका बाजूला, मादागास्करहून आलेला गुलमोहर दुसऱ्या बाजूला. बुंध्याभोवती सिमेंट किती जवळ आलंय? लावलेल्या रोपांपैकी वर्षाने किती जगली? हा शेवटचा प्रश्न वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्या कुणालाही आवडत नाही, म्हणूनच चांगला आहे.

गणपतीवर?

दहा दिवसांत उरकणारा, छान विषय. शाडूची आणि पीओपीची सारख्या वजनाची लहान मूर्ती दोन बादल्यांत ठेवून वेळ मोजा. पीओपीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत काढली आहे. पीओपी हे कॅल्शियम सल्फेट, त्याचा खडू होतो आणि द्रावणात अमोनियम सल्फेट उरतं, जे खत आहे. अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, प्रयोग उघड्यावर करा. गुगलच्या फोटोंऐवजी तुमच्या बादलीचे फोटो लावा.

माहिती कुठे शोधायची?

महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आधी. तो दर वर्षी निघतो, पाणी, कचरा, हवा, झाडं सगळं त्यात असतं, आणि मुलं त्याला हातही लावत नाहीत. मलनिस्सारण केंद्रं आणि पाथर्डीच्या खत प्रकल्पाला शाळेच्या पत्रावर भेट मागता येते. हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे रोजचे आकडे आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत नाशिक आहे, हे बऱ्याच नाशिककरांना ऐकून धक्का बसतो. आपल्याला वाटतं आपली हवा म्हणजे थंड हवेचं ठिकाण! आणि सावाना आहेच, १८४० पासूनचं वाचनालय, तिथल्या जुन्या अंकांत नदीच्या पुराच्या बातम्या शोधायला लावा. मुलांना कागद उलटायची सवय राहिलेली नाही.

प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आणि कोणत्या वर्षाचा ते त्याच वेळी लिहा. नंतर आठवत नाही. मलासुद्धा.

चॅटजीपीटीला विचारलं तर चालेल?

प्रश्न सुचायला, वाक्य सोपं करायला चालेल. आकडे त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. एका गटाच्या अहवालात "नाशिक हे समुद्रकिनारी शहर असल्याने" असं वाक्य मी स्वतः खोडलंय.

पालकांनी किती मदत करायची?

सायकल शिकवताना मागून सीट धरतो तेवढी. पेडल मारायचे नाहीत.

एका प्रदर्शनात मी परीक्षक होते. "प्लास्टिकमुक्त घर" हे मॉडेल सगळंच्या सगळं थर्माकोलचं होतं. वर चमकी, आत पेटणारे दिवे, बाबांनी दोन रात्री जागून केलेलं. मी त्या मुलाला विचारलं, हे घर उद्या कुठे जाणार? तो बाबांकडे बघायला लागला. बाबा मोबाइलकडे. शेजारच्या टेबलावर एका मुलीची शाईचे डाग पडलेली नोंदवही आणि एक जुना ताणकाटा होता, मॉडेलच नव्हतं. बक्षीस मॉडेलला गेलं. माझं मत अल्पमतात होतं आणि ते अजून मला खुपतं.

तुम्ही हे करा: बाजारात सोबत जा, उकळतं पाणी हाताळा, उशिरापर्यंत जागू देऊ नका, आणि घरातला नळ प्रकल्पासाठी तीन आठवडे मुलाच्या ताब्यात द्या. हे शेवटचंच सगळ्यांत अवघड जातं.

प्रयोग फसला. खोटे आकडे टाकले तर कुणाला कळणार?

परीक्षकाला कळतं. खऱ्या आकड्यांत एखादा रविवार वेडावाकडा असतो, पाहुणे आलेले असतात, पाणी गेलेलं असतं. खोटे आकडे गुळगुळीत असतात. फसलेला प्रयोग का फसला ते लिहा, त्याला गुण आहेत.

अहवाल कसा लिहायचा?

नोंदवही आधी. पेनने लिहायची, खोडरबर नाही, चूक झाली तर एक रेघ मारायची. तारीख, वेळ, हवा कशी होती, कोणी मोजलं. फोटोत तारीख आणि माप दोन्ही दिसू द्या.

अहवालात प्रश्न का पडला, काय केलं, काय दिसलं, त्यावरून काय वाटतं आणि काय राहून गेलं. "काय दिसलं" आणि "काय वाटतं" एका परिच्छेदात मिसळू नका. मराठी माध्यमाच्या मुलांनी मराठीतच लिहावं, "शाश्वत विकासाच्या परिप्रेक्ष्यात" वगैरे न लिहिता, आईला सांगतो तसं. चार्ट पेपर दोन पुरे.

परीक्षक काय विचारतात?

हमखास येणारे: हा विषय का? हे माप चुकीचं असेल तर कुठे चुकलं असेल? तुमच्या स्वतःच्या घरात काय बदललं? दुसऱ्याच कुणाच्या घरात बदललं का? तीन आठवडे अजून मिळाले तर काय कराल? आणि एखादा खवचट: "याने गोदावरी स्वच्छ होईल का?" याला "नाही सर, पण आमच्या मोरीतून रोज ३० लिटर कमी जातील" असं उत्तर त्या सिडकोच्या मुलीने दिलं होतं. पाठ केलेलं नव्हतं, मी शेजारी उभी होते.

खर्च किती येतो?

दोनशे-तीनशे रुपयांत होतो. त्याहून जास्त लागत असेल तर तुम्ही मॉडेल करताय.

गटातली एक मुलगी काहीच करत नाही.

तिला मोजायला द्या, लिहायला नको. बहुतेकदा तिला अक्षराची लाज वाटत असते.

बाई, तुमच्याकडे कधी यायचं?

शनिवारी चारनंतर. आधी आठ दिवस मोजून या, निदान एक पान भरलेलं हवं, कोऱ्या वहीवर मी बोलत नाही. चप्पल बाहेर काढा, जिन्यात भांडू नका, खालच्या वहिनी झोपलेल्या असतात. माझे दोन ताणकाटे आणि एक टीडीएस मीटर उसने मिळतील. मागच्या वर्षी नेलेला एक ताणकाटा अजून आलेला नाही. ज्याच्याकडे असेल त्याने आणून द्यावा, मी काही विचारणार नाही.